वेब दुर्बीण असताना निळ्या प्रकाशाचा वेगळा स्पेक्ट्रोग्राफ कशाला?

तुम्ही विचारलंय की वेब दुर्बीण असताना चिलीतल्या व्हीएलटी या जमिनीवरच्या मोठ्या दुर्बिणीसाठी 'क्यूब्स'सारखा, जेमतेम 300 ते 400 नॅनोमीटर, म्हणजे मुख्यतः अतिनील पाहणारा स्पेक्ट्रोग्राफ (प्रकाशाचा वर्णपट नोंदवणारं यंत्र) बांधायचा खटाटोप कशाला. वेबला निळं दिसतच नाही, तिची नजर 600 पासून पुढे. हबलला अतिनील दिसतं, पण तिचा आरसा 2.4 मीटरचा आणि व्हीएलटीचा 8.2.

हा प्रश्न मला झोंबतो. मुंबईत एमएस्सी करताना प्रॅक्टिकलच्या परीक्षेत पाऱ्याच्या दिव्याचा वर्णपट आला. भर पावसाळा, भिंगांच्या कडांना बुरशी. जांभळी 404.7 ची रेषा मोजून झाल्यावर मी आयपीस काढली, वर्णपटमापकाची छोटी दुर्बीण आणखी थोडी फिरवली आणि झेरॉक्सचा कोरा कागद धरला. डोळ्याला जिथे नुसता काळोख होता तिथे कागदावर फिकट निळी रेघ उमटली. 365 ची! कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात घातलेलं रसायन अतिनील घेतं आणि निळं सोडतं. मी ते हौसेने जर्नलात लिहिलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी लाल पेनाने ओळ खोडली. म्हणाले, "तिकडे काही नसतं."

तिकडे बेरिलियम असतं. ते ताऱ्याच्या पोटात बनत नाही, उलट जळून जातं. विश्वकिरणांच्या माऱ्याने कार्बन-ऑक्सिजनची अणुकेंद्रं फुटतात तेव्हा ते तयार होतं. म्हणून जुन्या ताऱ्यात ते किती उरलंय, यावरून तो आकाशगंगेच्या कोणत्या काळात जन्मला याचा अंदाज बांधता येतो. त्याच्या रेषा 313 जवळ, म्हणजे ओझोन प्रकाश गिळायला लागतो तिथेच. 2001 साली सीएस 31082-001 या ताऱ्यात युरेनियम सापडलं तेही 386 जवळच्या एका बारीक रेषेवरून, आणि ते किती उरलंय यावरून ताऱ्याचं वय साडेबारा अब्ज वर्षांच्या घरात निघालं. धूमकेतूतलं पाणी उन्हाने फुटून जे ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) उरतं, त्याचा पट्टा 308 च्या आसपास.

धुळीआडचे तारे आणि अतिदूरच्या दीर्घिका यांना वेब पाहते ते इन्फ्रारेडच लागतं, हे मान्य.

पण प्रोजेक्ट करताना गाइड म्हणतील, निळ्या टोकाला सिग्नल कमी येतो, तेवढा भाग कापून टाक. कापू नका. कमी येतो म्हणूनच तर वेगळं यंत्र बांधावं लागतं. आणि तुमच्या लॅबमध्ये कागद धरून बघाच. उघड्या दिव्याकडे मात्र थेट पाहू नका.