मफलर अजून कागदातच आहे

ताई, माझं वय ४१. लहानपणापासून चर्चच्या मंडळीतच वाढले. नाताळआधीचा आगमनकाळ लागला की माझ्या पायाला भिंगरी लागते. मुलांचं नाटक, कॅरल्सचा सराव, भेटवस्तू बांधणं, आजाऱ्यांच्या घरी जाऊन येणं, सगळं मीच पाहते. गेल्या वर्षी नाताळच्या रात्री उपासना आटोपून घरी आले आणि चपलाही न काढता जिन्यात बसून रडले. देवाची प्रीती किती मोठी, असं दिवसभर सगळ्यांना सांगत होते आणि मला स्वतःला काहीच जाणवत नव्हतं. माझे वडील शिस्तीचे. निकाल चांगला लागला की जवळ घेत, नाहीतर नाही. आमच्या मंडळीतल्या एका आजींनी मला हातानं विणलेला मफलर दिला. दुसऱ्याच दिवशी मी त्यांना त्याहून मोठी भेट नेऊन दिली. मफलर अजून कागदातच आहे. नाताळ जवळ आला तसं यंदाही छातीत धडधडतंय. माझ्या विश्वासातच खोट आहे का?
– रिकामी ओंजळ

प्रिय रिकामी ओंजळ,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, बाई दमली आहे. दुसऱ्यांदा मफलरपाशी अडले, अजून तिथेच आहे.

तुम्ही देवाबद्दल विचारलंत, पण उत्तर आजींबद्दलच्या वाक्यात तुम्हीच लिहून ठेवलंय. कुणी काही दिलं की तुमच्यानं एक दिवसही उधारी ठेवली जात नाही. आजींची फेड करायला रात्र तरी मध्ये गेली. देवाच्या बाबतीत तेवढीही जात नसावी. प्रीतीची नुसती चाहूल लागली की तुम्ही पुढचं काम अंगावर घेता. अशी घाई असली की काही जाणवणार तरी कधी?

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या १३व्या अध्यायात तुमच्याच जातकुळीचा एक माणूस आहे. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू उठतो, कमरेला रुमाल बांधतो, भांड्यात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुऊ लागतो. पेत्राची पाळी येते आणि तो सरळ नाही म्हणतो. माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीत! प्रवचनांत याला पेत्राची नम्रता म्हणतात. मला ते फारसं पटत नाही. त्यात लाज आहे, आणि लाजेच्या पोटात थोडा ताठाही आहे. धुळीनं भरलेली आपली टाच दुसऱ्याच्या हातात द्यायची म्हणजे आपलं काहीच चालत नाही. येशूही त्याला गोंजारत बसत नाही. मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही, असं स्पष्ट सांगतो. मग पेत्र एकदम दुसऱ्या टोकाला जातो आणि हात नि डोकंही धुवा म्हणतो. (या माणसाला मधलं काही जमतच नाही, म्हणून तर तो मला आवडतो.)

हे मला पुस्तकातून कळलं नाही. माझ्या मनगटाचं हाड मोडलं होतं तेव्हा शेजारची एक मुलगी रोज सकाळी येऊन माझी वेणी घालून जायची. पहिले चार दिवस मी तिच्यासाठी काहीतरी करायची धडपड करत होते, चहा तरी घे, हे तरी ने. पाचव्या दिवशी ती म्हणाली, ‘काकू, मान हलवू नका ना, भांग वाकडा होतोय.’ त्या दिवशी मी पहिल्यांदा मान स्थिर ठेवली. डोळ्यांत पाणी आलं ते तिला दिसलं नाही, कारण ती पाठीमागे होती.

आता तुमच्या नाटकाकडे येते. मेंढपाळ झालेल्या मुलांच्या हातात तुम्ही काय देता? बहुतेक कोकरू देत असाल, सगळेच देतात. पण लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात मेंढपाळांनी काही नेल्याचा एक शब्दही नाही. सोनं, ऊद, गंधरस हे मत्तयात येतं, आणि ते आणणारे ज्ञानी लोक वेगळे. रात्री कळप राखणाऱ्या या माणसांना देवदूत काही आणायला सांगत नाही. फक्त खूण सांगतो: बाळंत्यात गुंडाळलेलं आणि गव्हाणीत ठेवलेलं बाळ तुम्हाला सापडेल. ते जातात, बघतात आणि देवाची स्तुती करत परत येतात.

त्या बाळाकडेही जरा जवळून बघा. स्वतःची मान सावरत नाही, भूक लागली तर रडण्यापलीकडे काही येत नाही. ख्रिस्ती विश्वास म्हणतो की हा देहधारी देव आहे. मग देवानं या जगात येऊन सगळ्यात आधी काय केलं? घेतलं. आईचं दूध घेतलं, ऊब घेतली, कुणीतरी गुंडाळलं तर गुंडाळून घेतलं. त्या रात्री त्यानं कुणाची परतफेड केली नाही. घेण्यात कमीपणा असता तर त्यानं सुरुवात तिथून केली नसती, असं मला दर नाताळला वाटतं.

वडिलांबद्दल तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात, पण त्या महत्त्वाच्या आहेत. देवाला पिता म्हणताना तुमच्या मनात निकालाचा दिवस उभा राहत असणार. म्हणून एक जागा दाखवते. यार्देन नदीत येशूचा बाप्तिस्मा झाल्यावर आकाशातून वाणी होते, तू माझा प्रिय पुत्र आहेस, तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे. मार्कच्या पहिल्याच अध्यायात आहे. तोवर मार्कनं येशूचं एकही प्रवचन किंवा चमत्कार सांगितलेला नाही. शाबासकी निकालाच्या आधीच मिळाली आहे.

आणि ‘काहीच जाणवत नाही’ याची इतकी धास्ती घेऊ नका. मदर तेरेसांची खासगी पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा लोक चक्रावले होते. कित्येक दशकं प्रार्थनेत त्यांना देवाची जवळीक जाणवत नव्हती. पुढे २०१६ मध्ये चर्चनं त्यांना संत घोषित केलं ते हे सगळं माहीत असूनच. शिवाय ठरलेल्या रात्रीच मन भरून आलं पाहिजे हा हट्ट कशासाठी? जन्माची तारीख शास्त्रात कुठेच नाही. २५ डिसेंबर रोममध्ये चौथ्या शतकात रूढ झालेला दिसतो. आर्मेनियन मंडळी आजही ६ जानेवारीला जन्मोत्सव करते. तुमचं मन एखाद्या मंगळवारी दुपारी भरून आलं तरी चालेल.

एक गोष्ट मात्र स्पष्ट विचारते. ही धडधड, हे रडू वर्षभर असतं का? झोप उडाली आहे का? तसं असेल तर डॉक्टरांना दाखवा. त्यानं विश्वासाला काही कमीपणा येत नाही.

यंदा काय करायचं ते सांगते. एक काम सोडा, तेही तुमच्यावाचून अडेल असं वाटणारं. मी तुमच्या जागी असते तर नाटक सोडलं असतं. पाळकांना आत्ताच सांगा, आयत्या वेळी नको. मुलं चुकतील, एखाद्या देवदूताचा पंख सुटेल. तुम्ही शेवटच्या बाकावर बसा आणि पंख नीट करायला उठू नका. तुमच्या मंडळीत त्या दिवशी प्रभुभोजन, म्हणजे भाकर वाटून घ्यायचा विधी, असेल तर पुढे जाताना हातांकडे लक्ष द्या. तिथे कुणी काही घेऊन जात नाही, सगळे हात रिकामेच पुढे होतात. भाकर मिळाली की लगेच मनात संकल्प, वचनं, पुढच्या वर्षीच्या याद्या सुरू करू नका. नुसती खा. घरी आल्यावर प्रार्थनेसाठी बसलात तर काही मागू नका, काही कबूलही करू नका. पाच मिनिटं जड जातील, मला माहीत आहे.

तुमचं टोपणनाव वाचून सुरुवातीला वाईट वाटलं होतं, आता वाटत नाही. भरलेल्या ओंजळीत कुणी काय घालणार?

आणि आज संध्याकाळीच त्या मफलरचा कागद फाडा. तो गळ्यात घालून आजींना फोन करा आणि सांगा, ‘आजी, ऊबदार आहे हो.’ एवढंच. त्या काही बोलू लागल्या तर ऐका. फोन ठेवल्यावर त्यांच्यासाठी काय घ्यावं याचा विचार सुरू होईलच, तो फेब्रुवारीपर्यंत पुढे ढकला.

तुमची,
ताई