तंबोरा पाठीमागून का ऐकू येतोय?

प्रश्न : नमस्कार दादा, आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो, हॉलमध्ये 5.1 चा (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) होम थिएटर रिसीव्हर आहे, घेऊन आठ-नऊ वर्षं झाली, पिक्चर बघायला एकदम भारी. पण बाबा रिटायर झाल्यापासून रोज सकाळी सीडी लावून शास्त्रीय गाणं ऐकत बसतात आणि त्यांची एकच तक्रार, गवई टीव्हीखालच्या डब्यातून गातोय आणि तंबोरा पाठीमागून वाजतोय. दुकानात म्हणाले हा रिसीव्हर म्युझिकचा नाहीच, वेगळा स्टिरिओ अँप घ्या, चाळीस हजाराच्या पुढं जाईल. घ्यावा का? आणि बाबांच्या जुन्या रेकॉर्डी पण आहेत, प्लेअर ऑक्सला जोडला तर आवाज अगदी बारीक, पत्र्यावर वाजल्यासारखा येतोय. बिघडलाय का तो?

उत्तर : ताई, चाळीस हजार आत्ता खिशातच राहू द्या. बाबांचे कान अगदी बरोबर आहेत, ते जे सांगतायत तसंच घडतंय.

सीडीत दोनच चॅनल असतात, डावा आणि उजवा. तुमच्या रिसीव्हरवर डॉल्बी प्रो लॉजिक किंवा तसलाच एखादा सराउंड मोड चालू राहिलाय. तो काय करतो, दोन्ही चॅनलमध्ये जे सारखं आहे ते मधल्या स्पीकरला देतो आणि जे दोन्हीकडं वेगवेगळं आहे त्यातलं बरंचसं मागच्या स्पीकरना. गवई मधोमध बसलेला, म्हणजे दोन्ही चॅनलमध्ये सारखाच, म्हणून तो टीव्हीखाली गेला, आणि दोन बाजूचे दोन तंबोरे आणि हॉलचा घुमारा गेला पाठीमागं. रिमोटवर ‘स्टिरिओ’ दाबा, मग फक्त पुढचे दोन स्पीकर आणि सबवूफर, म्हणजे खालचे जाड स्वर वाजवणारा डबा, चालतील. ‘मल्टी चॅनल स्टिरिओ’ नावाचा मोड असतो तो नको, तो सगळ्याच स्पीकरमधून वाजवत सुटतो. मेनूत नाइट मोड किंवा डायनॅमिक व्हॉल्यूम असेल तर तोही बंद करा, कारण तो हळू आवाज मोठा करतो आणि मोठा आवाज दाबतो, मग आलापाची सुरुवात आणि द्रुतमधली तान एकाच उंचीवर येऊन बसतात आणि ख्यालातला चढच निघून जातो. मला ही गोष्ट सगळ्यात जास्त खटकते.

‘डायरेक्ट’ किंवा ‘प्युअर डायरेक्ट’ पण लावून बघा, त्यात टोन कंट्रोल, रूम करेक्शन (खोलीप्रमाणे आवाज जुळवणं) सगळं बाजूला राहतं. बऱ्याच मॉडेलमध्ये त्यात सबवूफर गप्प होतो, बिघडला म्हणून घाबरू नका.

आता क्रॉसओव्हर, म्हणजे कितव्या हर्ट्झच्या खालचा आवाज सबवूफरला द्यायचा ती मर्यादा, इथं नीट लक्ष द्या. गवई काळी एकला (पेटीतली पहिली काळी पट्टी) गात असेल तर त्याचा मधला षड्ज, म्हणजे सा, साधारण 139 हर्ट्झ, आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, 69 च्या आसपास. क्रॉसओव्हर 80 ला असला की खर्ज सबवूफरकडं जातो आणि गळा पुढच्या स्पीकरमध्ये राहतो, हे चालतंय. पण तो 150 ला राहिला असेल तर गवयाचा षड्जच कोपऱ्यातल्या सबवूफरमधून यायला लागतो आणि डग्गा सगळीकडं घुमतो. तुमचे पुढचे स्पीकर तळहाताएवढे असतील तर मात्र 80 ला आणून उपयोग नाही, ते तेवढं खाली जातच नाहीत, सबवूफर आणि त्यांच्या मधले स्वर गायब होऊन भोक पडतं. तसं असेल तर पैसे अँपवर नको, पाच-सहा इंची वूफरच्या बुकशेल्फ जोडीवर घाला, फरक तिथं पडतो.

वॉटचं म्हणाल तर खोक्यावर 100 लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात एकच चॅनल, 1 किलोहर्ट्झ, 10 टक्के डिस्टॉर्शन, म्हणजे एकच स्पीकर, एकच सूर आणि आवाज बिघडेपर्यंत ताणून मोजलेलं. खरी ताकद कमीच, पण एकच पॉवर सप्लाय पाच जणांत वाटण्यापेक्षा दोघांत वाटला जातो, म्हणून स्टिरिओत रिसीव्हर उलट निवांत असतो, आणि घरात ऐकायला थोडेच वॉट लागतात. वेगळा अँप खरंच लागतो तो स्पीकर 4 ओहमचे, म्हणजे अँपवर जास्त भार टाकणारे, असतील आणि रिसीव्हरच्या पाठीवर 6 किंवा 8 ओहमच्या खाली नको लिहिलं असेल तेव्हा.

स्पीकर शोकेसच्या कप्प्यातून बाहेर काढा. भिंतीपासून फूटभर पुढं, दोघांत सहा-सात फूट आणि बाबांची खुर्चीही तेवढ्याच अंतरावर, ट्विटर (बारीक स्वरांचा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीला. मागच्या वायरी पण तपासा, लाल लाललाच. माझ्याकडं एका स्पीकरची वायर दोन महिने उलटी होती, गळा मधोमध यायचाच नाही आणि खर्ज नाहीसा झालेला, मी तोपर्यंत सीडीलाच दोष देत होतो.

रेकॉर्ड प्लेअर बिघडलेला नाही. सुईतून जेमतेम काही मिलिव्होल्ट येतात, शिवाय रेकॉर्ड कापतानाच खर्ज कमी आणि तार स्वर जास्त केलेले असतात, ते पूर्ववत करायचं काम फोनो प्रीअँप करतो. रिसीव्हरवर ‘फोनो’ लिहिलेली सॉकेट नसेल तर छोटा प्रीअँप मधे जोडा, आणि प्लेअरची ग्राउंडची वायर लावा नाहीतर भुणभुण येईल. 78 च्या रेकॉर्डींना मात्र एलपीची सुई लावू नका, त्यांची खाच रुंद असते, सुई वेगळी लागते.

हे सगळं झालं की एका सकाळी बाबांना घेऊन मिरजेला जा, विश्रामबागेतून लांब नाही. एखाद्या सतारमेकरांच्या दुकानात तंबोऱ्याची जवारी लावताना (घोडी घासून तारेचा झंकार जुळवताना) दहा मिनिटं बसू द्या, आणि घरी आल्या आल्या तीच सीडी लावा. खर्जाची तार छेडल्यावर तिच्यातून वरचे स्वर एकामागून एक उघडत गेलेले ऐकू आले आणि तंबोरा बाबांच्या समोर, गवयाच्या मागं बसलेला वाटला, तर सेटिंग जमलं. नाही वाटला तर पुढच्या स्पीकरचं नाव आणि मॉडेल लिहून पाठवा, त्यावरून बघू.