विमानाने जाताना क्लाइंबिंगचं सगळं सामान चेक-इन बॅगेत टाकलं तर चालतं का?

पहिल्यांदाच विमानाने चढाईला जाताय आणि दोर, हार्नेस (दोराला जोडायचा कमरेचा पट्टा), आइस ॲक्स (बर्फावरची कुऱ्हाड), स्टोव्ह सगळंच चेक-इनला द्यावं का, असं तुम्ही विचारलंय. सगळं देऊ नका.

आधी गॅसचं. स्टोव्हच्या गॅसचा डबा, म्हणजे कॅनिस्टर, भरलेला असो की अर्धा, केबिनमध्येही चालत नाही आणि चेक-इनमध्येही नाही. तो उतरल्यावरच घ्यायचा. तिथे आट्यांचा (फिरवून बसवायचा) मिळतो की खटक्याचा (दाबून अडकवायचा), आणि तो आपल्या स्टोव्हला बसेल का, हे निघण्याआधी विचारून ठेवा. पेट्रोल-रॉकेलवरचा वापरलेला स्टोव्ह असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते. इंधन काढून निदान 1 तास निथळू द्यायचं, मग टाकी आणि बाटली 6 तास उघडी ठेवायची. मी तर दोन दिवस आधीच साबणाने धुऊन ठेवतो, कारण वास आला की अडवतात.

पॉवरबँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या मात्र हातातल्याच बॅगेत. परवानगीशिवाय 100 वॉट-अवरपर्यंत चालतं. 20,000 एमएएचची पॉवरबँक साधारण 74 वॉट-अवर भरते.

आइस ॲक्स, क्रॅम्पॉन (बर्फावर चालताना बुटाखाली लावायचे खिळे), पिटॉन (खडकाच्या फटीत ठोकायची खुंटी), चाकू चेक-इनमध्ये. ॲक्सच्या टोकाला मी जुन्या रबरी पाइपचा तुकडा उभा चिरून बसवतो आणि वरून चिकटपट्टी गुंडाळतो. तपासणीवाला बॅगेत हात घालतो, त्याला लागू नये. सॅकचे पट्टे लोंबते ठेवू नका. माझ्या सॅकचं कमरेचं बकल विमानतळावरच्या सामानाच्या सरकत्या पट्ट्यात अडकून तुटलंय. तेव्हापासून सॅक डफलमध्ये (मोठ्या लांबट बॅगेत) घालूनच देतो.

आता दोर आणि हार्नेस. हे शक्यतो स्वतःजवळ ठेवा, विमानतळावर चालतं का ते आधी विचारून. नायलॉनला आम्लाचं वावडं असतं. सामानाच्या कप्प्यात शेजारच्या बॅगेतून काय गळलं ते आपल्याला कळत नाही, आणि आम्लाने कमजोर झालेला दोर वरून धडधाकट दिसू शकतो. द्यावाच लागला तर जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून द्या. बूट पायातच घाला. एकदा माझी बॅग एक दिवस उशिरा आली; ॲक्स, क्रॅम्पॉन उसने मिळाले, पण बूट माझ्या मापाचे कुणाकडेच नव्हते, ते पायात होते म्हणून निभावलं.

उतरल्यावर पिशवी फाटलेली किंवा ओली दिसली, तर दोर पूर्ण लांबीभर बोटांमधून सोडत बघा. कुठे कडकपणा, वेगळा रंग किंवा उग्र वास जाणवला, किंवा नुसती शंका जरी आली, तरी त्यावर चढू नका.