टॅमॉक्सिफेन सुरू करताय ना, मग एवढं ऐका

ताई, स्तनाच्या कॅन्सरच्या रिपोर्टात 'ईआर पॉझिटिव्ह' आलंय म्हणजे त्या गाठीच्या पेशी इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनवर पोसतात. टॅमॉक्सिफेन त्या पेशींमधली इस्ट्रोजेनची जागाच अडवून बसतं. पाळी गेलेल्यांना बऱ्याचदा लेट्रोझोल देतात. त्याने शरीरात इस्ट्रोजेन बनणंच खूप कमी होतं. त्यामुळे शेजारच्या बाईची गोळी वेगळी दिसली तर गोंधळू नका.

टॅमॉक्सिफेन रोज 20 मिलिग्रॅम, साधारण 5 वर्षं, काहींना 10. केमो संपली की घरचे 'सुटलो बाई' म्हणतात आणि इथूनच गोळ्या चुकायला लागतात. सकाळच्या चहाशी वेळ बांधून टाका. एखादी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

अंगातून वाफा निघतील, रात्री गाऊन घामाने चिंब होईल. सुती कपडे घाला, तिखट आणि चहा-कॉफी जरा कमी करून बघा. लेट्रोझोलवाल्यांची तऱ्हा वेगळी: सकाळी बोटं अशी आखडतात की कणीक मळवत नाही. चालत राहिलं की सैल होतात. त्यांनी डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडं किती भक्कम आहेत ते बघायची तपासणी, मात्र टाळू नये.

पाळी गेल्यानंतर रक्त दिसलं, एक पोटरी सुजून दुखू लागली किंवा एकाएकी दम लागला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. डिप्रेशनसाठी पॅरोक्सेटिन किंवा फ्लुओक्सेटिन चालू असेल तर आधीच सांगा, त्यांनी टॅमॉक्सिफेनचा असर कमी होऊ शकतो. आणि गोळ्या चालू असताना पाळी थांबली तरी दिवस राहू शकतात; गर्भनिरोधाचं डॉक्टरांना न लाजता विचारा.