मरळ गरीला लागते, पण सुटते

प्रश्न : आमच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात रबरी बेडकावर मरळ झेप घेते, पण ओढताच सुटते. काय चुकतं? – एक वाचक, जि. भंडारा

उत्तर : घाई. पाणी उसळलं की हात आपोआप झटका देतो, तिथंच मासा जातो. रबरी बेडकाचे दोन्ही गळ पाठीला चिकटून असतात. मरळीने तोंड दाबलं की रबर चेपतं, तेव्हाच टोकं उघडी पडतात. म्हणून काठी खाली करा, दोन-तीन सेकंद थांबा, दोर ताणला गेला की जोरात उपसा. मरळीचा जबडा हाडाचा, बोथट गळ शिरतच नाही. टोक नखावर टेकवून पाहा. घसरलं तर कानशीने घासा.

साधा नायलॉन दोर ताणून लांबतो, झटका अर्धा वाटेतच मुरतो. कमळाच्या देठांत ३०-४० पौंडांचा ताण सोसणारा विणलेला दोर बरा. मासा लागल्यावर ढील अजिबात नको, तो थेट देठांत घुसतो.

पावसाळ्यात लालसर पिलांचा थवा दिसला तर तिथे गरी टाकू नका; खाली आईबाप राखणीला असतात, तेच गेले तर पिलांना इतर मासे फस्त करतात. आणि तलाव मच्छीमार संस्थेकडे ठेक्याने असेल तर आधी विचारा.