आबांना जे सांगितलंस त्याबद्दल

बाळा,

काल जिन्यात फोनवर बोलत होतास ते ऐकू आलं. मुद्दाम नाही ऐकलं, अभ्यासिकेचा जिनाच तसा आहे. पूर्वपरीक्षा निघालेली नसताना "हाव आबा, निघाली प्रिलिम," आणि मग त्यांनी न विचारताच कटऑफ पण सांगितलास. रात्री मला मेसेज, सर भीतीपोटी बोलून गेलो, आता काय करू समजंना.

कसली भीती रे? ज्या माणसानं कधी हात उगारला नाही, सोयाबीन मोंढ्यावर घातलं की आधी तुझ्या मेसचे पैसे पाठवतो, त्याची? ती लाज आहे. आणि थोडी जळजळ पण, रूममेटची निघाली ना. 'माझं हे चुकलं' असं वाटलं तर माणूस जाऊन सांगून मोकळा होतो, 'मीच वाया गेलेला' वाटलं की तोंड लपवतो, मानसशास्त्रवाले अपराधीपणा आणि लाज वेगळी धरतात ते यासाठीच. म्हणून सांगायलो, खोटं तोंडात यायच्या आधी पोटात काय कालवलं ते बघ.

आबांना कळलं नाही यात तुझी अ‍ॅक्टिंग भारी वगैरे काही नव्हती. 2006 मध्ये दोनशेवर अभ्यास एकत्र करून बघितले, समोरचा खरं बोलायलाय का खोटं हे लोकांना 54 टक्केच ओळखता येतं, म्हणजे जवळपास छापा-काटाच.

मला धास्ती वेगळीच. 2016 मधला लंडनचा एक प्रयोग आहे, काचेच्या बरणीत नाणी किती ते जोडीदाराला सांगायचं. स्वतःचा फायदा दिसला की लोक खोटं वाढवत गेले आणि मेंदूत भावनांशी संबंधित जो अमिग्डाला असतो तो गार पडत गेला. काल तुझा आवाज कापत होता, दोन महिन्यांनी कापणार नाही. पोटात कालवतंय तोवरच बघ, नंतर बघायला काही उरत नाही.

लोक मला फटकळ म्हणतात. म्हणू दे. सख्ख्या भावाच्या सोयरिकीत पोरीच्या बापानं विचारलं नोकरी पर्मनंट आहे का, मी नाही म्हणालो, सोयरीक मोडली, भाऊ अजून बोलत नाही. दिवाळीला त्याच्या दारावरून जाताना गाडी आपोआप हळू होते. तरी आज विचारलं तरी नाहीच म्हणेन, त्या पोरीनं काय घोडं मारलं होतं आमचं? असो, तुझं चाललंय, माझं कामून काढायलो.

शनिवारी गावाकडं जा. फोनवर नको, आईच्या आडून तर बिलकुल नको. खरे मार्क सांग, आणि रूमचं भाडं थकलंय तेही त्याच बैठकीत सांग, नाहीतर पुढच्या महिन्यात त्याच्यासाठी अजून एक काहीतरी रचत बसशील.