वाचकांचे प्रश्न : “यात देवाचा हेतू काय?”

प्रश्न : माझे पती दोन वर्षे डायलिसिसवर होते. चौदा महिन्यांपूर्वी ते प्रभूमध्ये निजले. मंडळीतील माणसे प्रेमाने भेटायला येतात, पण प्रत्येक जण “यातही देवाचा काही हेतू असेल” असे सांगून जातो. तो हेतू शोधून मी थकले आहे. दहावीतला माझा मुलगा विचारतो, “पप्पांना नेऊन देवाला काय मिळालं?” मला उत्तर देता येत नाही. प्रार्थनेला बसले की रागच येतो, म्हणून दोन महिने उपासनेला गेले नाही. माझा विश्वास कमी पडतो आहे का?
— एक भगिनी, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : नाही. बायबलमधील स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रे स्तुतीच्या स्तोत्रांना खेटूनच आहेत आणि अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. ज्यांनी ते उपासनेसाठी जपले, त्यांनी शेवटी समाधानाची एखादी ओळ जोडली नाही. वधस्तंभावर प्रभूने स्वतः बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभीच्याच शब्दांत पित्याला विचारले, की तू माझा त्याग का केलास. म्हणून राग घेऊनच उपासनेला या, मागच्या बाकावर बसा, आणि गीत ओठांवर येत नसेल तर ते इतरांना म्हणू द्या.

आता हेतूविषयी. बायबलमध्ये ईयोब हा नीतिमान माणूस सर्वस्व गमावतो. त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले, तोवर त्यांचे काही चुकले नव्हते. ते कारणे सांगू लागले तेव्हा चुकले, आणि ग्रंथाच्या शेवटी देवाचा ठपका त्यांच्यावरच आला. पाळक म्हणून मीही तरुणपणी एका अंत्यविधीला असेच एक वाक्य बोललो होतो. ते आठवले की आजही मान खाली जाते.

रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातील अठ्ठाविसावे वचन अशा वेळी हमखास ऐकवले जाते. सर्व गोष्टी ‘मिळून’ कल्याणकारक होतात, असे पत्रलेखक प्रेषित पौल तेथे म्हणतो. मूत्रपिंड निकामी होणे ही गोष्ट कल्याणाची आहे, असे तो म्हणत नाही. त्याच पत्रात तो रडणाऱ्यांबरोबर रडा असेही सांगतो, पण ते वचन सांत्वनाच्या भेटीत फारसे कोणी म्हणून दाखवत नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाकडे पाहून कोणाचे पाप म्हणून विचारतात, तेव्हा प्रभू तो हिशेबच मोडीत काढतो. पुढचे शब्द, म्हणजे देवाची कार्ये त्याच्या ठायी प्रकट व्हावीत हे, पुष्कळांना जड जातात. देवाने केवळ चमत्कारासाठी एका बालकाला आंधळे जन्माला घातले की काय, असे वाटते. प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत विरामचिन्हे जवळजवळ नसत, त्यामुळे काही अभ्यासक हे शब्द पुढच्या वाक्याला जोडतात : देवाची कार्ये प्रकट व्हावीत म्हणून दिवस आहे तोवर आपण काम केले पाहिजे. हे वाचन सर्वांना मान्य नाही, मला मात्र ते पटते, कारण लगेच प्रभू वाकून त्या आंधळ्याच्या डोळ्यांना लावायला माती कालवू लागतो.

पंडिता रमाबाईंचे आयुष्य मला येथे आठवते. १८७४ च्या सुमारास उपासमारीत त्यांचे आईवडील आणि बहीण गेली, १८८० मध्ये भाऊ गेला, आणि लग्नाला दोन वर्षे व्हायच्या आत, १८८२ मध्ये, पतीही गेले. मांडीवर वर्षाच्या आतली मनोरमा होती. ख्रिस्ती बाप्तिस्मा त्यानंतरचा, १८८३ चा. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील उपाशी मुली आणि विधवा यांना त्यांनी आपल्याकडे आणले, तेव्हा आपल्या कुटुंबाच्या उपासमारीच्या आठवणीही त्यांनी लिहून ठेवल्या. भूक कशी असते हे त्यांना कोणी सांगावे लागले नव्हते. त्यांनी केडगावला उभारलेल्या मुक्ती मिशनमागे ती ओळख उभी आहे. तरीही त्या मुलींना आसरा मिळावा म्हणून देवाने रमाबाईंच्या आईला उपाशी मारले, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे मला देवनिंदेच्या जवळ जाणारे वाटते. देवाने त्यांच्या जखमेतून काय घडवले, एवढेच आपल्याला दिसते, आणि तेही वीस वर्षांनी. तुम्हाला चौदाच महिने झाले आहेत. आणि रमाबाईंचे दुःख तेथे संपले असेही नाही : १९२१ मध्ये मनोरमाही गेली, आणि पुढच्याच वर्षी, बायबलचे मराठी भाषांतर हातावेगळे करून, त्या स्वतः गेल्या.

करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आरंभी पौल लिहितो, की आपल्याला देवाकडून जे सांत्वन मिळते त्यानेच आपण इतरांचे सांत्वन करू शकतो. क्रम लक्षात घ्या : आधी मिळणे, मग देणे. महिला मंडळात साक्ष द्या, म्हणजे आपला विश्वासाचा अनुभव सांगा, असा आग्रह कोणी करत असेल, तर सध्या स्वच्छ नाही म्हणा. झोप उडाली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जा. त्यात अविश्वास नाही.

मुलाला सांगा, की मलाही ठाऊक नाही. मग दोघे मिळून योहानाचा अकरावा अध्याय वाचा. मरण पावलेला मित्र लाजर याला आपण उठवणार हे ठाऊक असूनही प्रभू त्याच्या कबरेकडे जाताना रडला, हे पस्तिसाव्या वचनात आहे. मुलगा तेथे थांबला, तर त्या दिवशी पुढे वाचू नका.